ताईसाठी दहा किलो

"क्लच हळू सोडा बाई, अगदी हळू," मास्तर म्हणाले आणि नेमका तेव्हाच त्यांच्या खिशातला फोन वाजला. गाडीने बेडकासारखी एक उडी मारली आणि ती बंद पडली. स्टिअरिंगवर बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी फोनकडे अशा नजरेने पाहिलं, जणू भर वर्गात मागच्या बाकावरून कुणी शीळ घातली असावी. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबून धरला, बाईंची माफी मागितली आणि फोन कानाला लावला. इस्पितळातून होता. तुमचे सगळे रिपोर्ट आले आहेत, डॉक्टरीणबाईंनी आजच भेटून जायला सांगितलंय.

मास्तर खूश झाले. त्यांना वाटलं, तारीख ठरली.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर. बावीस वर्षं गाडीच्या डाव्या सीटवर बसून त्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली होती. वय अठ्ठेचाळीस, वजन चौऱ्याण्णव. ते खाली उतरले की गाडी दोन बोटं वर येते, असं त्यांचे विद्यार्थी सांगत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. दाराच्या कप्प्यात संत्र्याच्या थंड पेयाची बाटली कायम असायची. परीक्षा पास झालेला प्रत्येक जण काही ना काही गोड घेऊन यायचा, आणि मास्तरांना कुणाचं मन मोडवत नसे. दिवसाकाठी ते चाळीस-पन्नास किलोमीटर फिरायचे, पण सगळे बसून.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरल्याशिरल्या त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "मग, कापायचं कधी?"

प्रश्न ताईचा होता. ताईचं यकृत सुकत चाललं होतं. पोटात पाणी व्हायचं, पाय सुजायचे, मधूनच बोलण्याची गाडी भलत्याच फाट्याला वळायची. नवं यकृत बसवलं तर आयुष्य वाढेल, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. धडधाकट माणसाच्या यकृताचा एक भाग काढून बसवता येतो, आणि देणाऱ्याचं यकृत काही महिन्यांत पुन्हा भरून येतं, हे ऐकल्यावर मास्तरांनी तिथेच शर्टाच्या बाह्या सरसावल्या होत्या. रक्त जुळलं होतं. राहिले होते ते बाकीच्या तपासण्यांचे रिपोर्ट.

डॉक्टरीणबाई थोडा वेळ कागदच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं यकृत आत्ता आम्हाला घेता येणार नाही."

"जुळत नाही?"

"जुळतं. पण त्यात चरबी आहे. तीस टक्के."

मास्तरांना आधी वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट वाचताहेत. आपण दारूच्या थेंबालाही शिवत नाही, हे त्यांनी तीन-तीनदा सांगितलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही चरबी साठते, त्या म्हणाल्या. बैठं काम, साखर, मैदा, तळलेलं, पोटाचा वाढता घेर, यांनी वर्षानुवर्षं थेंबे थेंबे तळं साचतं. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे कुणी दखल घेत नाही. बहुतेकांचं तिथेच थांबतं. काहींचं यकृत मात्र आतून सुजतं, मग त्यावर वण धरतात आणि ते आक्रसत जातं.

"तुमच्या ताई तरी कुठे दारू प्यायल्या?" त्या म्हणाल्या. "त्यांचंही बहुधा असंच सुरू झालं असणार. वीसेक वर्षांपूर्वी."

मास्तर द्यायला आले होते आणि स्वतःचाच आजार घेऊन निघाले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांनी विचारलं, की एखादी जालीम गोळी नाही का. बाईंनी मान हलवली. तुमच्या बाबतीत गोळीपेक्षा वजन उतरवण्याचाच उपयोग आहे, आणि चरबी उतरू शकते, हीच त्यातली चांगली गोष्ट, असं त्या म्हणाल्या. चार महिन्यांत दहा किलो. उपाशी राहून नाही. एकदम वजन पाडलं तर यकृत उलट बिघडतं. आठवड्याला अर्धा-पाऊण किलो, बस्स. गोड पेयं आजपासून बंद, फळ खायचं पण रस प्यायचा नाही, ताटाचा निम्मा भाग भाज्यांचा, रोज दम लागेल इतपत भरभर चालणं, आणि जाहिरातीतली यकृत साफ करणारी चूर्णं-काढे यांना हातसुद्धा लावायचा नाही. चार महिन्यांनी पुन्हा तपासू.

"तोवर ताई…" मास्तरांचं वाक्य पुरं झालं नाही.

"तोवर त्यांना आम्ही सांभाळू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताई मास्तरांच्याच घरात, रस्त्याकडच्या खोलीत राहायची. साठीची, टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली, आवाज अजून खणखणीत. मास्तर सहा वर्षांचे असताना आई गेली आणि अठराव्या वर्षी ताईच्या पदरात हे पोर पडलं. तिने लग्न केलं नाही. का नाही, हे कुणी विचारलं तर "आधीच एक पदरात होतं, अजून कशाला," म्हणून मोकळी व्हायची. चौऱ्याण्णव किलोच्या त्या पोराला ती अजूनही छोट्या म्हणे.

मास्तरांनी मान खाली घालून तिला सगळं सांगितलं. ताई ऐकत होती आणि हळूहळू तिच्या तोंडावर हसू पसरत होतं.

"काळजाचा तुकडा द्यायला निघाला होतास," ती म्हणाली, "आणि काळीज निघालं लोण्याचं."

"तुला थट्टा सुचतेय."

"मग काय, रडू? किती म्हणाले, दहा? उतरव की. माझ्यासाठी उतरव."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ताईने काठीने दार वाजवून मास्तरांना उठवलं. पहिल्या दिवशी ती स्वतः कोपऱ्यापर्यंत सोबत आली. मास्तरांना पुढच्या चौकातच धाप लागली. एक म्हातारा हातात दुधाची पिशवी घेऊन त्यांना मागे टाकून गेला, आणि जाताना वर हसलाही. घरी येऊन मास्तर खुर्चीत कोसळले. आपल्याला जमणारं हे काम नाही, असं त्यांनी बायकोला स्वच्छ सांगितलं. बायकोने त्यांच्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवला. मास्तरांनी एक घोट घेतला आणि कुणीतरी गेल्यासारखा चेहरा केला.

नव्याचे नऊ दिवसही इथे नव्हते. पहिल्या दिवसापासूनच छळ होता. दुपारी चारला हात आपोआप दाराच्या कप्प्याकडे जायचा आणि तिथे पाण्याची बाटली लागायची. डोकं दुखायचं. उगाच राग यायचा. एकदा तर सिग्नलला गाडी बंद पाडली म्हणून ते एका सरळमार्गी विद्यार्थ्यावर असे खेकसले, की तो पुढचे दोन दिवस आलाच नाही. मास्तरांनी त्याच्या घरी जाऊन समजूत काढली. त्या घरातल्यांनी पुढ्यात बिस्किटं ठेवली. मास्तर ताटलीकडे बघत राहिले आणि पाणी पिऊन उठले. ही गोष्ट त्यांनी ताईला जितक्या अभिमानाने सांगितली, तितक्या अभिमानाने त्यांनी स्वतःचं लायसन्ससुद्धा कधी कुणाला दाखवलं नव्हतं.

रविवारी सकाळी वजन. काटा ताईच्या खोलीत असायचा. मास्तर शर्ट काढून, श्वास रोखून त्यावर चढत. श्वास रोखल्याने वजन कमी होत नाही, हे ताई दर रविवारी सांगायची. पहिल्या आठवड्यात सव्वा किलो गेलं आणि मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. दुसऱ्या आठवड्यात पाव. तिसऱ्यात काहीच नाही. चौथ्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाई चौथ्या खेपेला परीक्षा पास झाल्या आणि त्यांनी मास्तरांच्या हातात केकचं खोकं ठेवलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या यजमानांची गाडी दोन वर्षं दारात धूळ खात पडली होती, ती आता त्या स्वतः बाहेर काढणार होत्या. मास्तरांना नाही म्हणवलं नाही. मैदानाच्या कडेला गाडी लावून त्यांनी ते खोकं एकट्याने संपवलं. रिकामं खोकं घडी घालून सीटखाली सारलं आणि संध्याकाळी शहाण्यासारखी काकडी खाल्ली.

रविवारी काट्याने चुगली केली. सातशे ग्रॅम वर. ताईने विचारलं, काय झालं. मास्तर म्हणाले, अंगात पाणी धरलं असेल. ताईने आपला सुजलेला पाय चादरीबाहेर काढला.

"पाणी धरलं की असं दिसतं," ती म्हणाली.

मास्तरांनी सगळं कबूल केलं, घडी घातलेल्या खोक्यासकट. ताई चिडली नाही. सगळं खाऊन झाल्यावर बरं वाटलं का, एवढंच तिने विचारलं. मास्तरांनी खरं ते सांगितलं. निम्म्यापर्यंत वाटलं, मग नाही. "मग पुढच्या वेळी निम्म्यावर हाक मार," ती म्हणाली. "कुणालाही. मला, बायकोला. निम्म्यावर माणूस एकटा नसला पाहिजे."

त्या दिवसानंतर मास्तर बदलले असं म्हणता येणार नाही, पण रुळावर आले. गाडी मागे घ्यायचा सराव मैदानात चालायचा. तेव्हा ते खाली उतरून गाडीच्या बाजूने चालत चालत सूचना देऊ लागले. दिवसाच्या दोन-अडीच हजार पावलांचे तरी धनी झाले. त्यांचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर; त्यांनी जिना धरला. पोरं मिठाई आणायची तेव्हा ते एक कण तोंडात टाकून बाकीची तिथेच वाटून टाकायचे. पट्ट्याला एक भोक वाढवावं लागलं, मग दुसरं. सकाळच्या चालण्यात दुधाच्या पिशवीवाल्या म्हाताऱ्याला त्यांनी गाठलं, आणि एके दिवशी मागे टाकलं. त्या दिवशी म्हाताऱ्याने पिशवी उंचावून सलाम ठोकला.

ताई मात्र उतरणीला लागली होती. कोपऱ्यापर्यंत येणारी ताई आधी फाटकापर्यंत, मग ओट्यापर्यंत यायला लागली, आणि पुढे खिडकीतूनच हात दाखवू लागली. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तिला मोठ्या तपासण्यांसाठी इस्पितळात न्यायचं होतं. त्या दिवशी मास्तरांच्या तीन विद्यार्थ्यांची परीक्षा होती, म्हणून बायको सोबत गेली. संध्याकाळी मास्तरांनी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, की सगळं जागच्या जागी आहे आणि तू आपलं चालणं बघ. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. मास्तरांच्या ते लक्षात आलं, पण त्यांना वाटलं, दमली असेल.

त्यानंतर दोघी मास्तरांच्या मागे हात धुऊन लागल्या. एकही सकाळ चुकू देईनात. ताईचं बोलणं कधी कधी भरकटायचं, वार विसरायची, पण रविवार विसरली नाही. काट्यावरून उतरून मास्तर तिच्याकडे बघायचे. ती आकडा ऐकून डोळे मिटायची आणि म्हणायची, "जमतंय रे छोट्या. जमतंय."

चार महिने पुरे झाले तेव्हा काट्यावर त्र्याऐंशी किलो आठशे ग्रॅम भरले. इस्पितळात पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला आणि हात पुढे केला. तीस टक्क्यांची चरबी चारवर आली होती. असं फार थोड्या लोकांना साधतं, त्या म्हणाल्या. मास्तरांनी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, कापायचं कधी.

डॉक्टरीणबाईंनी हात सोडवला नाही. "आधी ताईंशी बोला," त्या म्हणाल्या. "त्यांच्याबद्दल काय सांगायचं, हे त्यांच्या हातात आहे. माझ्या नाही."

मास्तर घरी आले ते जवळपास धावतच. ताई उशाला टेकून बसली होती. बायको दारात उभी होती. मास्तरांनी रिपोर्ट ताईच्या मांडीवर ठेवला. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन चारचा आकडा वाचला, त्यावरून बोट फिरवलं, आणि मग मास्तरांना बसायला सांगितलं.

"ऑपरेशन होणार नाही, छोट्या."

मास्तर हसले. त्यांना वाटलं, ती पुन्हा भरकटली.

"मी शुद्धीत आहे. दुसऱ्या महिन्यात तपासलं ना, तेव्हाच सांगितलं त्यांनी. माझं हृदय एवढं मोठं ऑपरेशन सोसणार नाही. टेबलावरच जाईन."

मास्तरांनी विचारलं, "आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"मीच सांगू दिलं नाही. डॉक्टरांनाही आणि हिलाही."

"का?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला गेला असतास?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

ताई थांबून थांबून बोलू लागली. आई गेल्यावर तू शाळेतून आलास की सगळ्या खोल्यांतून तिला शोधायचास, ती म्हणाली. पलंगाखालीसुद्धा. मला अठराव्या वर्षी काय कळत होतं? पावावर लोणी लावायचे, वर बोटभर साखर घालायचे आणि तुझ्या हातात द्यायचे. खायला लागलास की शोधायचं थांबवायचास. पुढे तू शोधणं सोडलंस, पण माझा हात काही थांबला नाही. तू खायचास, म्हणून मीही खायचे. जन्मभर दोघांनी तेच केलं.

"तुझा पहिला रिपोर्ट ऐकला तेव्हा मला वाटलं, हे माझ्या हातचं आहे," ती म्हणाली. "जाण्याआधी ते उतरलेलं बघायचं होतं."

"मी तुझ्यासाठी केलं गं ते. माझ्यासाठी नव्हतं केलं."

"माहीत आहे. म्हणून तर झालं."

मास्तर उठले आणि घराबाहेर पडले. चपलाही त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या घातल्या होत्या. ते चालत सुटले. बाजार, मैदान, पुलाखालचा रस्ता, कुठून कुठे गेले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. राग आला होता, आणि तो नेमका कुणाचा, हे सापडत नव्हतं. दोन तास चालूनही त्यांना धाप लागली नाही. हे जेव्हा त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ते रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडले.

परतताना फाटकाशी बायको उभी होती.

"तुला माहीत होतं," मास्तर म्हणाले.

"होतं." तिचा आवाज बसला होता. "किती वेळा वाटलं, सांगून टाकावं. दर रविवारी तुम्ही काट्यावरून उतरून त्यांच्याकडे बघायचात ना, तेव्हा तर हमखास. पण त्यांनी हात धरून शब्द घेतला होता."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. गेल्या दोन महिन्यांत तीही वाळली होती, आणि तिला तर कुणी वजन उतरवायला सांगितलं नव्हतं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं आत गेली.

ताई जागी होती. मास्तर तिच्या पायांशी बसले आणि सुजलेली पावलं मांडीवर घेऊन चोळू लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, की आता काय करायचं. ताई म्हणाली, करायचं काय, रविवारी काटा काढायचा; मी आहे तोवर तरी.

ती अकरा रविवार होती. शेवटच्या दोन रविवारी तिला आकडा कळला की नाही, सांगता येणार नाही, पण मास्तरांनी तो मोठ्याने सांगितला. ती गेली तेव्हा दुपार होती, खिडकी उघडी होती, आणि तिचा हात मास्तरांच्या हातात होता.

ती गेल्यावर आठ दिवस मास्तर घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी सहाला बायकोला जाग आली ती बुटांच्या आवाजाने. मास्तर दाराशी बसून नाड्या बांधत होते. तिने चहा ठेवला, बिनसाखरेचा, दोघांसाठी.

वर्षभराने त्यांना फेरतपासणीसाठी बोलावणं आलं. वजन एखादा किलो इकडेतिकडे, बाकी सगळं तसंच होतं. अंधाऱ्या खोलीत ते पलंगावर पडले. तपासणारी मुलगी नवी होती. तिने पोटावर गार मलम लावलं आणि यंत्राचा दांडा फिरवत फिरवत म्हणाली, "छान आहे काका तुमचं लिव्हर. एकदम निरोगी."

मास्तरांनी विचारलं, जरा बघू का. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. करड्या रंगाचा एक शांत आकार होता, श्वासाबरोबर थोडा खाली जाणारा, पुन्हा वर येणारा. मास्तर कोपरावर उठून बराच वेळ तो बघत राहिले. मग त्यांनी बोटाने पडद्याच्या एका बाजूला, जवळजवळ निम्म्या आकारावर, न टेकवता एक रेघ ओढली.

"हा एवढा माझ्या बहिणीचा," ते म्हणाले.

मुलीला काही कळलं नाही. तिने कागदाचा रुमाल त्यांच्या हातात दिला आणि पोट पुसून घ्यायला सांगितलं. मास्तरांनी ते सावकाश, काळजीपूर्वक पुसलं, शर्ट खाली ओढला आणि उठून आपली बटणं लावली.